तुडतुडीची अंडी आणि केसाळ भेंडी

एक होती तुडतुडी. हिरवी हिरवी, तिळाएवढी. चालायची तिरकी तिरकी. उडायची तुड तुड तुड!

तिचं पोट अंड्यांनी टम्म फुगलं होतं. अंडी घालायची ती भेंडीच्या गुळगुळीत पानात. पण आज बघते तर काय? गुळगुळीत पान गायब! चांगुणाकाकूने नवीनच भेंडी लावलेली. पानभर केसच केस!

तुडतुडी पानावर बसली. पाय अडकले. पोट पानाला टेकेना. केस टोचले, टुच टुच टुच!

"आई गं! पाना पाना, केस काढ!"

पान म्हणालं, "वा गं वा! मग मला थंडी वाजेल. जा, नाही काढत!"

तुडतुडीला आला राग. गेली शेळीकडे, तुड तुड तुड!

"शेळी शेळी, पान खा! पान केस काढेना. मग अंडी कुठे घालू मी?"

शेळी म्हणाली, "शी! घशात गुदगुल्या होतात. जा, नाही खात!"

गेली काकूकडे, तुड तुड तुड!

"काकू काकू, शेळीला ओरडा! शेळी पान खाईना. पान केस काढेना. मग अंडी कुठे घालू मी?"

काकू म्हणाली, "अगं भवाने, तू पानांचा रस पितेस. तू येऊ नयेस म्हणून तर केसाळ बियाणं आणलं! जा, नाही ओरडत!"

तुडतुडीला रडूच आलं. पोट आणखी फुगलं. गेली मुंगळ्याकडे, तुड तुड तुड!

"मुंगळ्या मुंगळ्या, काकूला चाव! काकू शेळीला ओरडेना. शेळी पान खाईना. पान केस काढेना. मग अंडी कुठे घालू मी?"

मुंगळा म्हणाला, "छे छे! मी काकूच्या डब्यातला गूळ खातो. जा, नाही चावत!"

गेली कोंबडीकडे, तुड तुड तुड!

"कोंबडी कोंबडी, मुंगळ्याला टोच! मुंगळा काकूला चावेना. काकू शेळीला ओरडेना. शेळी पान खाईना. पान केस काढेना. मग अंडी कुठे घालू मी?"

कोंबडीने मान वाकडी केली. एक डोळा मिटला.

"मुंगळा आंबट लागतो बाई. तू मात्र गोड दिसतेस!"

बापरे! तुडतुडी पळाली, तुड तुड तुड! केसाळ पानाखालीच लपली.

कोंबडीने मारली चोच, टोक्! नेम चुकला, लागली मुंगळ्याला. मुंगळा चावला काकूला, कच्च! काकू ओरडली शेळीला, "मेले, बघत काय बसलीस?" शेळी दचकली. तिने घेतला पानाचा घास, कुर्रम! केस गेले घशात.

"आ... आ... आक् छीं!"

पानाचे केस काही निघाले नाहीत. तुडतुडी मात्र उडाली, भुर्रर्र! पडली थेट बांधावर.

तिथे होतं भेंडीचं एकच झाड. पान कसं? गुळगुळीत! काकूने ते गुपचूप लावलेलं, घरच्या भाजीला. केसाळ भेंडी तोडताना काकूचीच बोटं खाजायची ना!

तुडतुडी बसली. पोट टेकलं. पुट, पुट, पुट! घातली की सगळी अंडी! "हुश्श!"

मग एके दिवशी काकू आली घरची भेंडी तोडायला. बघते तर काय? पाना-पानावर पिल्लं! सगळी तिरकी तिरकी!

काकूने कपाळावर हात मारला.

तुडतुडी म्हणाली, "काकू काकू, इथे केस लावायचे राहिले का हो?"

काकूने तोंड मिटलं, गोष्ट संपवून मीही मिटलं!