चहाची खूण

कुरुंदवाडच्या शेवंताबाईंनी कर्जावर शिलाई मशीन घेतलं होतं. हप्त्यांचे अठरा हजार खात्यात जमले होते, तोच फोन आला.

“पतसंस्थेचा मुख्य अधिकारी बोलतोय. निम्मं कर्ज माफ. आलेला ओटीपी सांगा, नाहीतर मशीन जप्त.”

बाईंचा पाय मशीनवरच थबकला.

“साहेब, रोज वसुलीला येणारे दिगंबरअण्णा तुमचेच ना?”

“माझ्याच हाताखालचा.”

“मग त्यांच्या चहात साखर किती घालते मी?”

“दोन चमचे. लवकर सांगा.”

“सहा वर्षं बिनसाखरेचा पितात ते, मधुमेह आहे. स्वतःचा माणूस माहीत नाही, माझा आकडा कशाला हवा?”

फोन बंद झाला.

दुपारी अण्णांनी सगळं ऐकलं. “ताई, खूण फुटली की. आता बदलायला हवी. आजपासून अर्धा चमचा घाला.”

बाईंनी हसून बिनसाखरेचाच कप पुढे सरकवला.