करडईची बाटली

“पण बाई, हातात काहीच दिलं नाही, तर यंत्राला प्रकार कळणार कसा?”

तन्वीर मुजावर हे जरा चढ्या आवाजातच म्हणाला. फंक्शनल प्रोग्रामिंग, म्हणजे संगणकाचे प्रोग्राम लिहिण्याची एक रीत, तो तारळेकर बाईंकडेच शिकला होता, आणि आता आपण बाईंच्याही पुढे गेलो असं त्याला मनापासून वाटत होतं.

उद्या त्याचा प्रोग्राम एका रक्तपेढीत सुरू होणार होता. रक्त, प्लाझ्मा, प्लेटलेट... प्रत्येक प्रकाराचे नियम निराळे. पिशवी आली की तिचा प्रकार बघून यंत्र नियम निवडायचं. पण पिशवी येण्याआधी नुसता कोरा फॉर्म छापायचा, तर नियम कुठले लावायचे? यंत्र अडून बसलं. मग पठ्ठ्यानं युक्ती लढवली. प्रकार कळावा एवढ्यासाठी त्यानं यंत्राला एक खोटी पिशवी दिली.

बाईंनी पडद्यावरची साठ्याची यादी पाहिली.

“ओ निगेटिव्ह रक्त, पिशवी एक. आणि फ्रीजमध्ये?”

“एकही नाही. ती नमुन्याची आहे, बाई. मला माहीत आहे ना.”

बाई उठल्या. स्वयंपाकघरातून एक बाटली आणून त्यांनी त्याच्या हातात दिली.

“तेलाच्या घाण्यावर जा. तोंड उघडू नकोस.”

तन्वीर मनातून चिडला. उद्याचं एवढं काम सोडून तेल आणायचं? पण बाईंना नाही म्हणायची सोय नव्हती. अर्ध्या तासानं तो भरलेली बाटली घेऊन आला.

“कुठलं आणलंस?”

“करडईचं.”

“तू सांगितलंस?”

“नाही. बाटलीवर चिठ्ठी होती.”

“आणि आत?”

“आत... काहीच नव्हतं.”

त्यानं बाटलीवरची चिठ्ठी पुन्हा वाचली. मग त्यानं खोटी पिशवी काढून टाकली आणि तिच्या जागी यंत्राला एक रिकामी खूण दिली. तिच्यावर प्रकाराचं नाव तेवढं होतं. फॉर्म बिनतक्रार छापून आला. यादीत ओ निगेटिव्हपुढे शून्य दिसलं.

तरी त्याची खुमखुमी काही जाईना.

“पण बाई, एका खोट्या पिशवीनं असं काय मोठं बिघडणार होतं?”

बाई बाटलीला बूच लावत होत्या.

“ती पिशवी मागायला उद्या कुणाचा तरी बाप धावत आला असता, तन्वीर. त्याला काय सांगणार होतास... मला माहीत आहे ना?”