ओळख न विचारता टाकलेलं पाऊल

"पण मग चोर आत शिरणार कसा, मास्तर? तुम्हीच सांगा!"

सुश्रुतने मांडीवर थाप मारून विचारलं. मुकादम मास्तर पडवीत सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

किनाऱ्यावरच्या समुद्र-संशोधन केंद्राचे संगणक मास्तरांनी उभे केले आणि निवृत्त होऊन ते गावी येऊन बसले. आता शास्त्रज्ञांना घरबसल्या, परदेशातून, बोटीवरून, कुठूनही त्या संगणकांवर काम करता यावं, अशी सोय सुश्रुतने केली होती. तिचा सगळा कारभार त्याच्या हाती द्यायचा की नाही, हे केंद्राच्या संचालिका नाडकर्णीबाई मास्तरांच्या शब्दावर ठरवणार होत्या. त्या एका शब्दासाठी स्वारी सकाळपासून येऊन बसली होती.

"आधी पासवर्ड," सुश्रुत म्हणाला. "मग मोबाइलवर आकडा येतो, तो टाकायचा. आकडा शिळा झाला की बाद. माशीसुद्धा शिरायची नाही!"

"वा. मग इथूनच शिरून दाखव."

सुश्रुतने लॅपटॉप उघडला, मास्तरांच्या घरचं इंटरनेट जोडलं. पडद्यावर इशारा आला... समोरच्या यंत्राचा ठसा ओळखीचा नाही. तरी पुढे जायचं?

"हे काय म्हणतंय?"

"काही नाही हो. प्रत्येक यंत्राचा स्वतःचा ठसा असतो, अक्षरांची लांबलचक माळ. मागच्या आठवड्यात आपण यंत्रं बदलली ना, म्हणून कुरकुरतंय. मी तर सगळ्यांना सांगून ठेवलंय, 'हो' म्हणा आणि पुढे चला."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

त्याने 'हो' म्हटलं. पासवर्ड टाकला. मोबाइल वाजला, आकडा टाकला. आणि आता बघा, अशा ऐटीत पडदा मास्तरांकडे फिरवला.

मास्तर हसले. सुश्रुतने पडदा परत आपल्याकडे वळवला.

त्यावर लिहिलं होतं, 'या, बसा. चहा ठेवलाय.'

हापूसची पेटी म्हणून फोडावी आणि आत नुसतं गवत निघावं, तसा त्याचा चेहरा झाला.

"हे... हे आपलं केंद्र नाही."

"नाही. माझं माजघर आहे. ये."

माजघरात तांदळाच्या पिंपावर एक जुना संगणक घरघरत होता. केंद्राकडे जाणारी वाट मास्तरांनी तिकडे वळवून ठेवली होती; आलेला पासवर्ड पुढे केंद्राला देऊन तिथून आकडा मागवायचं कामही तोच करत होता. पडद्यावर सुश्रुतचा पासवर्ड होता, अक्षर न् अक्षर. खाली मोबाइलवरचा आकडा, अजून ताजा.

"बायकोचं नाव आणि लग्नाचं साल," मास्तर म्हणाले. "संसार बरा चाललाय म्हणायचा."

जगभर पांगलेले शास्त्रज्ञ सुश्रुतच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. सगळे त्याच्याच सांगण्यावरून 'हो' म्हणत होते...

मास्तरांनी मागची एक वायर काढली, दुसरी लावली.

"वाट सरळ केली. जा, आधी पासवर्ड बदल."

लॅपटॉपच्या पडद्यावर पुन्हा तोच प्रश्न आला. सुश्रुतचं बोट बटणावर गेलं... आणि अधांतरीच राहिलं.

"खरंच सरळ केलीत ना?"

"मी सांगतोय की."

बोट खाली येईना. त्याने केंद्रात फोन लावला. "काणेकर, तसाच उठ आणि यंत्रासमोर जाऊन उभा राहा. त्याचा ठसा मला वाचून दाखव. अरे सगळा! गाळू नकोस काही." पलीकडून अक्षरं येत राहिली, हा एकेक ताडून पाहत राहिला. कपाळावरचा घाम लॅपटॉपवर टपकला, त्याला पत्ता नव्हता.

ठसा जुळला. तेव्हा कुठे त्याने 'हो' म्हटलं, पासवर्ड बदलला आणि लॅपटॉप मिटला.

"येतो, मास्तर. बाईंना मीच सांगतो, हे काम माझं नाही."

मास्तरांच्या कानाला फोन होता.

"बाई, मुकादम बोलतोय. पोरगा समोर आहे. द्या त्याच्या हाती."

सुश्रुत थिजला. मघाच्यापेक्षा हा धक्का मोठा होता.

"मास्तर! तुमच्या डोळ्यांदेखत फसलो मी!"

मास्तरांनी सुपारीचं एक खांड त्याच्या तळव्यावर ठेवलं.

"सकाळी तुला सगळं येत होतं, बाबा. तेव्हाही बाईंचा फोन आला होता... मी उचलला नाही."