टाळीला शेजार लागतो

राष्ट्रीय फुटबॉल मैदानाचं बांधकाम आटोपलं आणि पाचशे मजूर आपापल्या गावी पांगले. मागे उरली ती हिरवळीला पाणी घालणारी हौसाबाई. साठ हजार रिकाम्या खुर्च्यांपुढे ती एकटीच भाकरी खायची. पहिल्या सामन्याला मजुरांसाठी दोन रांगा राखून ठेवल्या होत्या. विटा वाहणारी तिची मैत्रीण गंगूही येणार होती. त्याच आशेवर हौसाबाई दिवस ढकलत होती.

आठवडाभर आधी क्रीडामंत्री पाहणीला आले आणि त्यांना नेमक्या त्याच रांगा आवडल्या.

"इथे माझी एकच खुर्ची ठेवा," ते इंजिनिअरला म्हणाले. "बाकीच्या काढा. आजूबाजूला मला कुणी नको."

इंजिनिअरनं मान डोलावली. हौसाबाईनं पाण्याची नळी खाली ठेवली.

"साहेब, आपला गोल झाला की टाळी कुणाला देणार?"

"देणार कसली? वाजवीन की."

"वाजवतात ती भाषणाला, साहेब. आनंदाची टाळी द्यावी लागते, आणि तिला शेजारी दुसऱ्याचा हात लागतो. आठ महिने मी इथं एकटीच बसतेय, म्हणून सांगते."

मंत्र्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दोन्हीकडे नुसत्या खुर्च्या.

"रांगा राहू द्या," ते पुटपुटले आणि निघाले.

गाड्या गेल्या. साहेबाला कसं गप्प केलं, म्हणून हौसाबाईला खुदकन हसू फुटलं. हसता हसता तिनं सवयीनं टाळीसाठी हात पुढे केला. मग तो हळूच मागे घेऊन तिनं नळी उचलली.