घट्ट झाकणाची डबी

फार पूर्वी एका शाळेच्या कपाटात एक चिमुकली डबी राहायची. तिचं आणि तिच्या झाकणाचं रोज वाजायचं. "किती घट्ट धरतंस! जरा सोड ना मला!" डबी कुरकुरायची.

एकदा रेवतीबाईंनी डबीला कागदी पंख चिकटवले. "आज हिचं रॉकेट करू," त्या मुलांना म्हणाल्या. डबी हरखली. बाईंनी तिच्यात पाणी ओतलं, फसफसणारी गोळी टाकली आणि झाकण लावून तिला अंगणात उलटी ठेवली.

"आता तरी सैल हो, म्हणजे मी उडेन," डबी कुजबुजली. झाकण सैल झालं. सगळा फेस बाहेर सांडला आणि डबी जागची हलली नाही. मुलं हिरमुसली. डबीला रडूच कोसळलं.

बाईंनी पुन्हा पाणी ओतून नवी गोळी टाकली आणि झाकण लावून तिला उलटी ठेवली. या वेळी झाकणाने डबीला गच्च आवळलं. आत वायू कोंडला, तिचं अंग ताणलं.

"अरे, फुटेन मी!"

"थांब जरा. मी आहे ना!"

झाकणाने अगदी धरवेनासं होईपर्यंत धरलं आणि फट्! डबी थेट कौलांच्या वर गेली. मुलं नाचू लागली.

खाली येताच ती गडगडत भिजलेल्या झाकणापाशी गेली. "पुन्हा जाऊ या!" ती धापा टाकत म्हणाली. "आणि आता आणखी घट्ट धर हं!"