झोळीतला दुसरा ड्रॅगन

साताऱ्यात मंदारदादाच्या घरी रविवारी दुपारी फाशांचा एक खेळ रंगायचा. प्रत्येकाने आपला एक वीर चालवायचा आणि मंदारदादाने संकटं रचायची. त्याचा शब्द तिथे शेवटचा.

त्या दिवशी वीर जादूच्या बाजारात शिरले. निनादने सगळं सोनं ओतून पेटती तलवार घेतली. चारुताच्या वीरांगनेचं सोनं मागच्या लढाईत निनादच्याच जखमांवर खर्च झालं होतं. उरलेल्या नाण्यांत तिला मिळाली एक झोळी, डोंगरही मावेल अशी, पण झोळीच! निनाद तलवारीचं कौतुक सांगत सुटला आणि चारुताचा नुसता जळफळाट झाला.

पुढे गुहेत ड्रॅगन भेटला. त्याच्या एका फुंकरीत ती तलवार विझली, तेव्हा चारुताला क्षणभर बरंच वाटलं. पण आता सगळेच मरणार होते.

"शरण येताय ना?" मंदारदादाने ऐटीत विचारलं.

चारुता ड्रॅगनला म्हणाली, "महाराज, या झोळीत दुसरा ड्रॅगन राहतो. त्याचा खजिना तुमच्या दुप्पट आहे. हवं तर डोकावून बघा."

"छे! माझा ड्रॅगन हजार वर्षांचा ज्ञानी आहे. तो कशाला डोकावेल?"

"ज्ञानाचा काय संबंध, दादा? ती तलवार नुसती कागदावरची आहे, हे मलाही कळतं. तरी दुपारभर माझ्या पोटात दुखतंयच ना!"

सगळे खो खो हसले. निनाद कानापर्यंत लाल झाला. मंदारदादाने हात टेकले आणि ड्रॅगनला झोळीत डोकं घालायला लावलं. चारुताने लगेच झोळी त्याच्या शेपटीपर्यंत ओढली आणि दोरी आवळली.