चैतीचा पट्टा

ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं, त्यांचे नातूसुद्धा आता राहिले नाहीत, इतकी जुनी ही गोष्ट आहे. भोरकड्याच्या डोंगराला तेव्हाही तीन वस्त्या बिलगून होत्या. पायथ्याला शेतकऱ्यांचं तळकोंड, मधल्या सपाट टेपावर कातकऱ्यांची वाडी आणि माथ्यावर धनगरवाडा. तिघंही एकाच झऱ्याचं पाणी प्यायचे आणि तिघंही एकमेकांच्या नावानं बोटं मोडायचे.

भांडण आगीवरून होतं. उन्हाळा लागला की दरवर्षी डोंगर पेटायचा. शेतकरी म्हणायचे, धनगरांनी कोवळ्या गवतासाठी माळ पेटवला. धनगर म्हणायचे, शेतकऱ्यांनी भाताचा राब भाजायला शेतात पाला पेटवला आणि विस्तव तसाच सोडून दिला. आणि दोघं मिळून कातकऱ्यांना म्हणायचे, तुम्ही ससे उठवायला रान जाळता. तिघांचंही थोडं थोडं खरं होतं. म्हणूनच भांडण मिटत नव्हतं.

वाडीत चैती नावाची बाई होती. ती आणि तिचा नवरा काळू कोळसा पाडायचे. लाकडं उभी रचायची, वर ओला पाला आणि माती लिंपायची, आत विस्तव सोडायचा आणि आठ दिवस राखण करायची. चैतीसारखी राखण कुणाला जमत नसे. पांढरा धूर निघाला की ती म्हणायची, अजून लाकूड ओलं आहे. निळा निघाला की म्हणायची, आता झालं. डोळे मिटून, नुसत्या वासावरून ती भट्टीत कुठलं झाड आहे ते सांगायची. आग तिच्याशी बोलते, असं म्हणतात.

एका वर्षी भट्टीचा आठवा दिवस होता. काळू ओढ्यात खेकडे धरायला गेला होता. भर दुपारची वेळ, सात दिवसांचं जागरण, चैती जरा लांब करवंदीच्या सावलीला बसली आणि तिचा डोळा लागला. तेवढ्यात भट्टीची एक कड खचली. आग बाहेर आली आणि वाऱ्यावर बसून चढणीला लागली.

चैती जागी झाली तेव्हा भट्टीशेजारचं त्यांचं राखणीचं खोपट पेटलं होतं. ती ओढ्याच्या बाजूला पळाली. काळू ओढ्याकडूनच धावत येत होता, पण दुसऱ्या वाटेनं. त्याला वाटलं, बायको खोपटात आहे. तो आत शिरला. बाहेर आला नाही.

चार दिवस डोंगर जळत होता. धनगरांची अकरा वासरं गेली. तळकोंडच्या पेंढ्याच्या उडव्या गेल्या. झऱ्यावरची जांभळं काळी खुंटं होऊन उभी राहिली. पाचव्या दिवशी तिन्ही गावचे बाप्ये झऱ्यावर जमले ते कुऱ्हाडी आणि काठ्या घेऊनच. तळकोंडचे पदाजी पाटील एका बाजूला, धनगरवाड्याचा म्होरक्या धाकू झोरे दुसऱ्या बाजूला. शिवीगाळ वाढली. कुणीतरी काठी उचलली.

तेव्हा चैती मधे येऊन उभी राहिली. तिचे अर्धे केस जळाले होते.

"आग माझ्या भट्टीतनं निघाली," ती म्हणाली. "मी झोपले होते."

उचललेली काठी तशीच खाली आली. आजवर त्या डोंगरावर कितीतरी आगी लागल्या होत्या, पण माझ्यामुळे लागली असं कुणी कधी म्हटलंच नव्हतं.

पाटलांनी विचारलं, "बाई, तू काय बोलतेस ते कळतंय का तुला?"

"कळतंय पाटील. माझा माणूस त्यातच गेलाय."

धाकूच्या डोळ्यांपुढे त्याची वासरं होती. तो म्हणाला, "हिला डोंगरावरनं हाकला!"

"हाकला," चैती म्हणाली. "पण मग डोंगर कोण राखंल? तुमी तिघं एकमेकाला राखत बसलाय. डोंगराला राखायला कोण हाय का? मला ठेवा. मी राखते."

पाटलांनी जळक्या डोंगराकडे पाहिलं. मग म्हणाले, "राहा. पण पुन्हा धूर दिसला, तर तुझी गय नाही."

त्या दिवसापासून चैतीनं कोळसा सोडला. निरगुडीच्या फोकांचा एक खराटा बांधला आणि पुढच्या माघात ती एकटीच डोंगर झाडायला लागली. होय, झाडायला. डोंगराभोवती दोन माणसं आडवी झोपतील एवढ्या रुंदीचा पट्टा, त्यातलं वाळकं गवत कापायचं, पाला लोटायचा, तांबडी माती उघडी पाडायची. आग आली तरी मातीला काय खाणार? लोक तिला हसले. होळी आली तेव्हा तिचा पट्टा डोंगराचा चौथा हिस्सासुद्धा झाला नव्हता.

मग ती दारोदार गेली. भीक मागायला नाही. प्रत्येक उंबऱ्याशी उभी राहून एवढंच म्हणायची, "घरटी एक माणूस, एक दिवस." तळकोंडात तिच्या तोंडावर दारं लागली. वाडीतून चार बायका आल्या. धनगरवाड्यातून कुणीच नाही.

पण चैतीनं एक गोष्ट पाहिली. लोटलेल्या पाल्याचे ढीग पट्ट्याच्या कडेला पडून होते. तिनं ते पाटीत भरले, डोक्यावर घेतले आणि पाटलांच्या खाचरात नेऊन ओतले. "तुमाला राबाला पाला लागतो ना? झाडं छाटू नका. पट्ट्यावरचा न्या. फक्त लोटायला या." मग ती चढण चढून धनगरवाड्यावर गेली. धाकू गोठ्याशी बसला होता. त्यानं तिच्याकडे पाहिलंही नाही.

"धाकूदादा, पट्ट्यावरचं गवत कापून माझे हात गेले," ती म्हणाली. "तुमच्या म्हशी ते चार दिसांत खातील. त्यांना पट्ट्यानं चारत न्या. माळ पेटवायची गरज पडायची नाही."

धाकू उठून गोठ्यात गेला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चैती खराटा घेऊन गेली, तर चाळीस म्हशी पट्ट्यावर चरत होत्या आणि मागून धाकू चालत होता. वासरांचं नाव त्यानं पुन्हा कधी काढलं नाही.

पाल्यासाठी तळकोंडच्या पाट्याही पट्ट्यावर येऊ लागल्या. असं करत सात वर्षं गेली. सातव्या वर्षी पट्टा डोंगराला पुरा वेढा घालून परत आपल्या टोकाला मिळाला. आतल्या रानाला आगीनं सात वर्षं हात लावला नव्हता. ऐनाची, किंजळाची झाडं उठली, जळक्या जांभळांच्या बुंध्यांतून धुमारे फुटले. म्हणतात, चैती रोपांमधून चालायची तेव्हा तिच्या पावलाखाली पाला वाजत नसे. आणि आगीनंतर आटत गेलेल्या झऱ्यावर एक दिवस बायकांना ओली माती दिसली, मग तिथं एक खेकडा दिसला, आणि वैशाखात, जेव्हा सगळं सुकून जातं, तेव्हा दगडाखालून बोटाएवढी धार लागली.

पण खरी परीक्षा अजून व्हायची होती.

पुढं दोन वर्षं पाऊस फिरकलाच नाही. डोंगरापलीकडचं सगळं रान वाळून कोरडं ठाक झालं. चैत्रातल्या एका दुपारी माथ्यावरून धाकूचं शिंग वाजलं. घाटापलीकडून वणवा येत होता. असा वणवा कुणी पाहिला नव्हता. सूर्य तांब्याच्या परातीसारखा दिसत होता. हरणं, रानडुकरं, भेकरं माणसांच्या पायांतून पळत होती, आणि एक वाघ पळता पळता पाटलांच्या अंगाला घासून गेला, त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही, असं म्हणतात.

तिन्ही गावं पट्ट्यावर आली. घरटी एक नाही, झाडून सगळी. हातात डहाळ्या, खराटे, पाण्याचे हंडे. पण वाऱ्यानं पेटते निखारे उडून पट्ट्याच्या अलीकडे पडायला लागले. एक विझवला की दुसरीकडे दोन पेटत. लोकांचे हात गळाले.

तेव्हा चैतीनं एक जळती फांदी उचलली, पट्टा ओलांडला आणि वणव्याच्या बाजूचं वाळकं गवत पेटवायला लागली.

एकच आरडाओरडा झाला. पाटील धावत गेले आणि त्यांनी तिचा हात धरला. "चैते! पुन्हा? पुन्हा तेच?"

"पाटील, ही आग मी वळखते," चैती म्हणाली. "ती इथवर यायच्या आत तिच्या पुढचं सगळं खाऊन टाकायचं. उपाशी मरंल. भरवसा नसंल तर धरून ठेवा मला. असंल तर सोडा."

पाटलांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं. मग हात सोडला. आणि वाकून स्वतः एक जळती फांदी उचलली. ते पाहून धाकूनं उचलली. मग पट्ट्याच्या कडेकडेनं, या सोंडेपासून त्या सोंडेपर्यंत, तिन्ही गावच्या माणसांनी मिळून आग लावली. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एकमेकांच्या देखत आग लावली.

लहान आग वाऱ्याच्या तोंडावर हळूहळू पुढं सरकली. मोठी आग धावत आली. म्हणतात, दोन्ही आगी समोरासमोर आल्या तेव्हा माजलेल्या रेड्यांसारख्या मागच्या पायांवर उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज तीन कोसांवर गेला. क्षणभर आभाळात फक्त आगच होती. आणि मग खायला काही उरलं नाही. त्या बसल्या. कुणीतरी जमिनीत ओढून घ्याव्या तशा बसल्या. धूर उरला, आणि त्या धुरात चैती.

लोक तिला हाका मारत होते. बऱ्याच वेळानं ती धुरातून येताना दिसली. आणि हे सांगताना जुनी माणसं आवाज खाली आणायची. धुरातून दोघं येत होती, एक बाई आणि तिच्या शेजारी एक बाप्या, खांद्याला खेकड्यांचं जाळं. पट्ट्यावर पाय ठेवला तेव्हा चैती एकटी होती. पाटलांनी पाहिलं, धाकूनं पाहिलं. ती खाली बसली आणि त्या आगीनंतर पहिल्यांदा, नऊ-दहा वर्षांनी, रडली. वाडीच्या बायका तिच्याभोवती बसल्या, तळकोंडच्याही बसल्या, धनगरणीही बसल्या.

त्या उन्हाळ्यात आसपासच्या बारा गावांच्या विहिरी कोरड्या पडल्या. भोरकड्याचा झरा आटला नाही. दूरदूरच्या गावचे लोक बैलगाड्यांवर पिंपं घालून आले आणि कुणालाही परत पाठवायचं नाही, असं तिन्ही गावांनी झऱ्यावर बसून ठरवलं. किती हंडे भरले याला गणती नाही. धार तेवढीच राहिली, असं म्हणतात.

चैती खूप म्हातारी होऊन गेली. जाताना म्हणाली, "मला जाळू नका. माझ्यापायी एक काटकी जळायला नको." तिला झऱ्याच्या वरच्या अंगाला मातीत ठेवलं. चौथरा बांधला नाही, दगड रोवला नाही. तिथं आता इतकं दाट रान आहे की नेमकी जागा कुणालाच सांगता येत नाही.

अजूनही माघाच्या पहिल्या सोमवारी तिन्ही गावं पट्टा काढायला निघतात. पहिला खराटा वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई मारते. मागून धनगरांच्या म्हशी, त्यांच्या मागं तळकोंडच्या पाट्या. पट्टा पुरा झाल्याशिवाय तिन्हींपैकी कुठल्याच गावात होळी पेटत नाही. आता वनखात्याची माणसंही येतात, शहरातून शिकलेली पोरं येतात, त्यांनाही रांगेत उभं करून हातात निरगुडीचा खराटा देतात. आणि रांग लागली की ती म्हातारी एका टोकापासून चालत जाते आणि प्रत्येकासमोर थांबून विचारते, "कुठल्या गावचा रं तू?"

त्या दिवशी आपल्या गावाचं नाव कुणी सांगत नाही. पाटलांच्या घरचा असो, धनगर असो, साहेब असो, खराटा जमिनीला टेकवून एकच उत्तर देतो.

"चैतीचा."